कठीण विषयांचा लाकडी बाहुलीघर-संच : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी लाकडी बाहुलीघरांचा एक संच करायला घेतला आहे. त्यात चार परिस्थिती असतील : आईवडील वेगवेगळ्या घरांत राहतात असे कुटुंब, राहते घर सुटलेले कुटुंब, चाकाच्या खुर्चीतून फिरणारी मुलगी आणि ज्याचा बाप तुरुंगात आहे असा मुलगा. कल्पना माझ्या एका समुपदेशक मैत्रिणीची आहे. तिच्या खोलीत खेळायला येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी असेच काही घडलेले असते, आणि तिच्याकडच्या बाहुलीघरात मात्र आई, बाबा, दोन मुले आणि एक कुत्रा एवढेच असते. ज्या मुलांच्या घरी एकच पालक आहे, ती मुले दुसऱ्या बाहुलीला ‘पाहुणा’ म्हणतात आणि खेळ संपेपर्यंत तिला दाराशी उभी ठेवतात, असे तिने सांगितले.

ह्या वाटेने आधी बरेच जण गेले आहेत. ‘सेसमी स्ट्रीट’ ह्या मुलांसाठीच्या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये ज्याचे वडील तुरुंगात आहेत असा अ‍ॅलेक्स आणला. त्याआधी २०११ मध्ये पुरेसे अन्न न मिळणारी लिली आणली, आणि २०१८ मध्ये त्याच लिलीचे कुटुंब बेघर झालेले दाखवले. परंतु त्या बोलक्या बाहुल्या आहेत. त्यांनी काय बोलायचे ते मोठ्यांनी आधी लिहून ठेवलेले असते. लाकडी बाहुलीला संवाद नसतो, आणि माझ्या बहुतेक चुका ती उणीव भरून काढण्याच्या धडपडीतून झाल्या. हे अर्थात आता, मागाहून नोंदी नीट लिहून काढताना कळते आहे.

१९ जानेवारी

मापे ठरवली. बाहुलीघरांसाठी नेहमी वापरतात ते १:१२ प्रमाण घेतले, म्हणजे १६८ सेंमी उंचीचा माणूस १४ सेंमीचा होतो. मोठ्या बाहुल्या १४ सेंमी, लहान मुले ९ सेंमी, एकूण १४ बाहुल्या. घरे दोन, दोन्ही एकमजली आणि समोरून उघडी. जमीन ४० गुणिले ३० सेंमी, प्लायवूड ९ मिमी. बाहुल्या एकसंध कापायच्या, हातपाय वेगळे जोडायचे नाहीत, असे ठरवले आणि चारच दिवसांत ते मोडले (पुढे पाहावे).

दोन्ही घरे एका लांब पाटावर ३५ सेंमी अंतर ठेवून खालून स्क्रूने घट्ट बसवली. वेगळी घरे म्हणजे वेगळी घरे, ती मुलांना एकत्र करता येऊ नयेत, नाहीतर विषयच राहणार नाही, असा माझा आग्रह होता. घरांना १८ तास लागले.

२३ जानेवारी

बाहुल्यांना एकमेकांचे हात धरता यावेत म्हणून हातांच्या टोकांना भोके पाडून त्यांत छोटी, पण फार जोरदार ओढणारी निओडिमियम चुंबके गोंदाने बसवली. हात जुळताना होणारा टक् आवाज मला फार आवडला. संध्याकाळी मैत्रिणीने ती पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “हे निघाले तर?” मी पक्कडीने ओढून पाहिले; बारापैकी दोन सहज निघाली. अशी दोन चुंबके मुलाने गिळली, तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेढ्यांतून ती एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाऊन तिला भोक पडते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. हे मला ठाऊक होते आणि तरीही मी ती बसवली होती. सगळी काढली, भोके लाकडी खुंट्यांनी बुजवली. दोन तास गेले. हात धरायचेच असतील तर मुले बाहुल्या शेजारी शेजारी टेकवून ठेवतात, आणि तेवढे त्यांना पुरते.

त्याच दिवशी पुठ्ठ्याची चाचणी-नळी करून घेतली. लहान तुकड्यांच्या तपासणीसाठी जे नळकांडे वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिमी असतो आणि तळ तिरका असल्यामुळे खोली एका बाजूला २५.४ तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी भरते. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. आमची मुले चार वर्षांपुढची असली, तरी त्यांची धाकटी भावंडे सोबत येतातच. असे काही करणाऱ्याने ही नळी पहिल्या दिवशीच करावी. मी ती बाराव्या दिवशी केली.

२ फेब्रुवारी

पहिली चाचणी, पाच मुले, एक तास.

बाहुल्यांच्या चेहऱ्यांवर मी मोठ्या कौतुकाने भाव रंगवले होते. घर सुटलेल्या कुटुंबातल्या आईच्या भुवया वाकड्या, मुलाच्या गालावर दोन थेंब, खुर्चीतल्या मुलीच्या ओठांवर धीराचे हसू. अर्ध्या तासाच्या आत रडका मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याला कोणी हात लावत नव्हते. एक सहा वर्षांची मुलगी म्हणाली, “हा जेवतानाही रडतो, झोपतानाही रडतो. ह्याच्याशी कसं खेळायचं?” तिचे म्हणणे अगदी रास्त होते. घर गेलेला मुलगासुद्धा दिवसातून बऱ्याचदा हसतो, भांडतो, कंटाळतो. मी मात्र त्याला एकाच क्षणात गोठवून ठेवला होता.

दुसरी चूक माझ्या तोंडाची. मी शेजारी बसून सांगत होते की, हे बघा, ह्यांना आता राहायला जागा नाही. हे ऐकताच दोन मुले उठून गेली. मैत्रिणीने तेव्हापासून मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवले आणि नियम घालून दिला की मोठ्यांनी कोणत्याही बाहुलीला नाव द्यायचे नाही, नाते सांगायचे नाही आणि ‘मग ह्याला काय वाटलं असेल?’ असे तर मुळीच विचारायचे नाही.

चेहरे खरवडून काढायला तीन तास लागले. आता सगळ्यांना दोन ठिपक्यांचे डोळे आहेत आणि तोंड नाही. तोंड नसले की बाहुल्या भुतासारख्या दिसतील अशी मला भीती होती, परंतु पुढच्या कोणत्याही खेळात एकाही मुलाने त्याबद्दल विचारले नाही.

१४ फेब्रुवारी

चाकाची खुर्ची आणि उतार. ह्या नोंदीत तपशील जास्त आहेत, कारण वेळही इथेच सर्वांत जास्त गेला.

१९९७ मध्ये बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने चाकाच्या खुर्चीतली ‘शेअर अ स्माईल बेकी’ ही बाहुली काढली आणि तिची खुर्ची बार्बीच्याच बाहुलीघराच्या लिफ्टमध्ये शिरेना, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तो मी मैत्रिणीला दोनदा हसत सांगितला होता. मग मी स्वतः प्रमाणात मोजून ६.७ सेंमीचे दार कापले, म्हणजे खऱ्या मापात ८० सेंमी, आणि ५.४ सेंमी रुंदीची खुर्ची केली, म्हणजे खऱ्या मापात ६५ सेंमी. कागदावर सगळे बरोबर होते आणि खुर्ची दारातून जातही होती. मात्र बाहुली बसवल्यावर तिची कोपरे दोन्ही बाजूंनी बाहेर आली आणि रुंदी ७.१ सेंमी भरली. मी खुर्ची मोजली होती, खुर्चीत बसलेली मुलगी मोजली नव्हती.

कोपरे घासून कमी केली, तरी अडचण संपली नाही, कारण बाहुली आपली आपण चालत नाही. तिला मुलाचा हात ढकलतो, आणि त्या हातालाही त्याच दारातून जायचे असते. मुले खुर्ची दाराशी आणून सोडत, मग छतावरून हात घालून तिला आत ओढत, आणि एकाने तर कंटाळून “ही बाहेरच राहते” असे जाहीर केले. शेवटी प्रमाण गुंडाळून ठेवले आणि दार १० सेंमी केले. घराच्या मानाने ते कोठाराच्या दारासारखे दिसते. दिसू दे.

उताराची गोष्ट ह्याहून लाजिरवाणी आहे. माझ्या वहीत एका पानावर ‘१:१२’ असे दोनदा लिहिलेले होते. एक बाहुलीघराचे प्रमाण आणि दुसरा चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचा नियम, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. मी दोन्ही एकच समजले, नजरेला बरा वाटेल असा १६ सेंमीचा उतार कापला आणि तो ४ सेंमी उंच जोत्याला टेकवला. उतार झाला १:४. खुर्ची वर चढवून सोडली की मागे धावत यायची आणि बाहुली तोंडावर पडायची. मुलांनी लगेच त्याची घसरगुंडी केली आणि आजीसकट सगळ्यांना त्यावरून सोडले. त्या दुपारचा सर्वांत रंगलेला खेळ तोच होता, हे नोंदवायला हवे.

नियमाप्रमाणे ४ सेंमी जोत्याला ४८ सेंमीचा उतार लागला असता, म्हणजे घराच्या रुंदीपेक्षा जास्त. म्हणून जोतेच कापले. आता ते १ सेंमी आहे आणि उतार १२ सेंमी. आतली मोकळी जागाही तपासली : खुर्ची जागच्या जागी वळायला खऱ्या मापात दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते, म्हणजे इथे १२.५ सेंमी. पलंग भिंतीला चिकटवलेला होता तो मोकळा केला, तेव्हा कुठे ते वर्तुळ मिळाले. खुर्ची आणि पहिली दारे-उतार करायला १० तास, त्यांची दुरुस्ती करायला ९ तास.

आसासाठी सायकलच्या चाकाचा आरा कापून वापरला होता. त्याची टोके कानशीने गोल करून वर लाकडी टोप्या बसवल्या. चाकाचे भोक आसापेक्षा अर्धा मिमीच मोठे ठेवावे. मी एक मिमी ठेवले आणि चाके लडबडतात.

२१ फेब्रुवारी

तुरुंग. उभ्या गोल काड्यांचे गज लावून एक खोली केली होती, तीन तासांचे काम. मुलांनी चोर-शिपाई सुरू केले आणि वीस मिनिटांत चौदाही बाहुल्या गजाआड गेल्या. तिथवर ठीक होते. पण बाप तुरुंगात असलेल्या मुलाने हा खेळ पाहिला तर त्याच्या पदरी काय पडेल, असे मैत्रिणीने विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या मुलाच्या घरी तुरुंग नसतो. त्याच्या घरी एक माणूस नसतो. मी नको ती वस्तू बनवली होती.

गजांची खोली जळणात गेली. तिच्या जागी दोन गोष्टी आल्या. एक कापडी पिशवी, तिच्यात कोणतीही बाहुली ठेवता येते आणि ती घराबाहेर खुंटीला टांगलेली असते. आणि पत्रांसाठी पातळ लाकडी पट्ट्या, ज्यांवर पेन्सिलीने खुणा करून पुसता येतात. पहिल्या पट्ट्या २.५ गुणिले २ सेंमीच्या होत्या आणि पुठ्ठ्याच्या नळीत अलगद जाऊन बसल्या. दुसऱ्या ७ गुणिले ४ सेंमीच्या केल्या. पिशवीतले माणूस कुठे गेले आहे हे आम्ही सांगत नाही. मुलांनी आजवर दिलेली उत्तरे : कामाला, दवाखान्यात, देवाघरी, “रागावून गेलाय”, आणि एकदा “मला माहीत आहे पण सांगणार नाही”.

५ मार्च

ही नोंद लिहायला मी सर्वांत जास्त दिवस टाळाटाळ केली.

बाहुल्या कापताना फिकट लाकूड दहा बाहुल्यांना पुरले आणि संपले. उरलेल्या चार मी घरात पडलेल्या गडद रंगाच्या तुकड्यांतून कापल्या. योगायोगाने तो क्रम घर सुटलेल्या कुटुंबाचा होता. माझ्या डोक्यात तेव्हा लाकूड वाया जाऊ नये एवढाच विचार होता. चाचणीत एका पाच वर्षांच्या मुलाने चारही गडद बाहुल्या वेचून बाजूला काढल्या आणि म्हणाला, “हे वाईट लोक.” दुसऱ्याने विचारलेही नाही की का, त्याने लगेच त्यांच्यापासून घर वाचवायला दाराला पलंग लावला.

केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांपुढे एकसारख्याच, फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या आणि ‘चांगली’ कोणती असे विचारले, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात त्या संशोधनाचा आधार घेतला गेला. हे मी वाचलेले होते, आणि ह्या कामाच्या पहिल्या पानावर टिपूनही ठेवले होते. तरीही मी स्वतःच्या हाताने गडद रंग म्हणजे ज्यांचे घर गेले ते, फिकट रंग म्हणजे ज्यांचे घर शाबूत आहे ते, अशी विभागणी कापून, घासून, तेल लावून मुलांच्या हातात दिली. मुलाने ती माझ्या मनात नव्हती तितक्या स्पष्टपणे वाचली.

त्या मुलाला कोणी काही समजावले नाही. समजावण्यासारखी चूक त्याची नव्हतीच. मी सात बाहुल्या नव्याने कापल्या, ८ तास. आता लाकडाच्या तीन छटा आहेत आणि प्रत्येक कुटुंबात किमान दोन येतात. एक मुलगी ‘आई आणि बाळ एका रंगाचे हवेत’ म्हणून जोड्या लावून बसते, दुसरी लावत नाही. दोघींनाही आम्ही तसेच खेळू देतो. गट करून दार लावण्याचा खेळ त्यानंतर एकदा झाला, पण त्यात आत-बाहेर रंगांची सरमिसळ होती.

१६ मार्च

पटाचा खेळ : ११ तास आणि हाती जवळजवळ काही नाही. विषमता दाखवायची म्हणून सुरुवातीलाच फासा टाकून कोणाला १५ सोंगट्या, कोणाला ३, अशी वाटणी ठेवली होती. एलिझाबेथ मॅगी ह्यांना ‘लँडलॉर्ड्स गेम’ (जमीनदारांचा खेळ) ह्या पटाच्या खेळाचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले, तेव्हा जमीन थोड्यांच्या हाती गेली की इतरांचे काय होते हे दाखवणे हा त्यांचा हेतू होता, त्याच मुळापासून पुढे मोनोपॉली आली, जिच्यात समोरच्याला कंगाल करणारा जिंकतो. म्हणजे खेळाने काय शिकवायचे ते करणाऱ्याच्या हातात फारसे राहत नाही, हा इशारा मला होता.

तीन सोंगट्यांची मुले चौथ्या फेरीत उठून गेली. पंधरावाल्या मुलीने एकटीने खेळायचे कसे म्हणून पाच सोंगट्या उचलल्या आणि मला विचारले, “ह्यांना दिल्या तर ती परत येतील ना?” मी नियमांचा कागद बघून सांगितले की देता येत नाहीत. पुढचे कोणी खेळले नाही. मैत्रीण तेव्हा काही बोलली नाही, पण घरी जाताना म्हणाली, “अगं, तू त्यांना गरिबी नाही दाखवलीस, फक्त नियम दाखवलास.” पट गुंडाळला. सोंगट्या तेवढ्या घरांच्या संचात टाकल्या. त्यांचे पैसे, औषधे आणि लाडू होतात.

२९ मार्च

स्क्रू काढले.

दोन घरांमधले ते ३५ सेंमी अंतर मुलांना पहिल्या दिवसापासून सलत होते. कोणी मधे पट्ट्यांचा पूल करत होते, कोणी आईच्या घरातला पलंग उचलून बाबांच्या घरात नेत होते, आणि एक मुलगा दर वेळी पाट हलवून स्क्रू किती घट्ट आहेत हे बघत होता. मला वाटत होते की घरे जोडू दिली तर मुलाला खोटी आशा लागेल. मैत्रिणीचे म्हणणे असे की, आशा त्याची आहे, ती मनातून काढून घेण्यासाठी पाटाला स्क्रू मारून उपयोग नाही. घरे जोडून, परत तोडून, पुन्हा जोडून बघणे हेच तर त्याला करायचे आहे. आम्ही ह्यावर आठवडाभर वाद घातला. मी अजूनही पूर्ण पटवून घेतलेले नाही, परंतु काम करणारी मी असले तरी मुलांना ओळखणारी ती आहे.

एक तासाचे काम. त्या मुलाने घरे भिंतीला भिंत लावून ठेवली आणि सगळ्या बाहुल्या एका घरात भरल्या. तीन आठवड्यांनी तोच मुलगा घरे मुद्दाम लांब ठेवू लागला, एक खिडकीपाशी आणि एक दारापाशी, आणि मधून खुर्चीतली मुलगी पत्रे पोहोचवू लागली. ह्यावरून काही सिद्ध होते असे नाही. मी फक्त नोंद करते आहे.

१८ एप्रिल

हिशेब. एकूण ८२ तास; त्यांतले २३ मोडून पुन्हा करण्यात गेले आणि ११ पटाच्या खेळात. प्लायवूडचा एक पूर्ण तक्ता वाया गेला. एका पालकांनी आक्षेप घेतला की ज्या मुलांच्या घरी सगळे सुरळीत आहे त्यांना हे कशाला दाखवता. त्यांच्या मुलाने तासभर उतारावरून गाड्याच सोडल्या होत्या, असे मैत्रिणीने त्यांना सांगितले. ते काही समाधानकारक उत्तर नव्हते आणि त्यांचे समाधान झालेही नाही.

अजून न जमलेले : चाके लडबडतात, पिशवीची शिवण दोनदा उसवली आहे (मुले तिच्यात एका वेळी पाच-पाच बाहुल्या कोंबतात), आणि घर सुटलेल्या कुटुंबासाठी केलेली हातगाडी कोणी वापरत नाही, कारण मुले त्या कुटुंबाला सरळ दुसऱ्यांच्या घरात नेऊन झोपवतात. तिथे आता पलंग कमी पडतात. पुढच्या आठवड्यात आणखी चार कापायचे आहेत, रुंदी ६ सेंमी, आणि मोकळे, भिंतीला न चिकटवता.